आठ रिकाम्या बाटल्या

(नभोवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचं संपादित रूप)

कॅल्शियम हा शब्द आपल्या घरात इतका मुरला आहे की, त्याच्याविषयी वाईट विचार कुणाच्या मनात येत नाही. बाळाच्या हाडांना कॅल्शियम, दातांना कॅल्शियम, बाळंतिणीला कॅल्शियम, गुडघे दुखणाऱ्या आजोबांना कॅल्शियम. कमी पडलं तर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त झालं तर काय होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायला हवा, हे मला एका आजींमुळे कळलं. आजचं बोलणं त्याविषयी आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

मी लहान मुलांची डॉक्टर. तालुक्याच्या गावी माझा छोटासा दवाखाना आहे. ही गोष्ट २०१६ सालच्या उन्हाळ्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की आई सासरी येते, हा आपल्याकडचा रिवाज. तशीच एक आई साडेतीन महिन्यांच्या लेकीला घेऊन लसीसाठी माझ्याकडे आली. बरोबर सासूबाई होत्या. बाळानं छान बाळसं धरलं होतं, वजन साडेपाच किलो. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का, असं विचारलं तर नव्हते. मी चिठ्ठी लिहिली : ‘व्हिटॅमिन डी ड्रॉप्स, रोज १ मिली.’ लस टोचली, बाळ रडलं, मंडळी गेली.

तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. शी घट्ट होते, खडे पडतात, दूध पूर्वीसारखं ओढत नाही, मधूनच उलटी करते. मी पोट तपासलं. उन्हाळा आहे, अंगावर जास्त वेळा पाजा, असं सांगितलं. ‘थेंब देताय ना? ते चालू ठेवा,’ हेही आवर्जून सांगितलं. शेजारच्या बायका म्हणत होत्या की, दात येताहेत म्हणून किरकिर करते. मलाही ते पटण्यासारखं वाटलं.

आणखी वीस दिवस गेले. या वेळी बाळाला पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. वजन वाढायचं सोडून पाच किलो शंभर ग्रॅमवर आलं होतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, टाळू बसलेली. हात उचलून सोडला की लुळा पडत होता. मी लगेच दाखल करून घेतलं, सलाईन लावलं आणि आईला म्हणाले, ‘बाळाच्या अंगातलं पाणी फार कमी झालंय.’

त्यावर आजी बोलल्या, ‘बाई, पोरगी दिवसाकाठी पंधरा-पंधरा दुपटी भिजवतीय. अंगात पाणी कमी असंल, तर एवढं येतंय कुठनं?’

मी काहीतरी उत्तर दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडं ते राखून ठेवतात, शू कमी होते, गडद होते. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या बाळाची आई हमखास सांगते की, सकाळपासून शूच केली नाही. इथं बाळ सुकत होतं आणि दुपटीही भिजत होती. म्हणजे पाणी मूत्रपिंडांतूनच निसटत होतं. असं का व्हावं, याची यादी काही फार मोठी नाही. त्या यादीत एक नाव होतं रक्तातलं कॅल्शियम वाढण्याचं. संध्याकाळी तपासणीला रक्त पाठवलं. तान्ह्या बाळाच्या शंभर मिलिलिटर रक्तद्रवात कॅल्शियम साधारण साडेआठ ते अकरा मिलिग्रॅमच्या दरम्यान असायला हवं. उत्तर आलं १५.६.

कणगी आणि डबा

पुढं काय झालं ते सांगण्याआधी कॅल्शियमचा व्यवहार थोडा समजून घेऊ. शरीरातलं नव्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. ती घरातली धान्याची कणगी समजा. रक्तात फिरतं ते अगदी थोडं, रोजच्या स्वयंपाकाच्या डब्याएवढं. पण घर चालतं ते त्या डब्यावर. हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंतून जाणारा निरोप, जखमेतलं रक्त गोठणं, ही सगळी कामं रक्तातल्या कॅल्शियमवर अवलंबून असतात. म्हणून शरीर त्या डब्याची पातळी फार काटेकोरपणे राखतं. कणगी किती भरली आहे, याची चिंता नंतरची.

ही राखण करतात गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी. थायरॉईडच्या मागं, प्रत्येकी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. डबा रिता होऊ लागला की त्या एक संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढवतं, मूत्रपिंडांना ते वाया घालवू देत नाही, आणि ड जीवनसत्त्व कामाला लावतं. डबा भरला की ग्रंथी गप्प बसतात.

ड जीवनसत्त्वाचं काम आतड्याच्या दारावर. अन्नातलं कॅल्शियम आत घ्यायचं ते या जीवनसत्त्वाच्या हुकमानं. पण आपण थेंबातून देतो किंवा उन्हामुळं कातडीत तयार होतं ते ड जीवनसत्त्व कच्चं असतं. त्यावर आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडांत प्रक्रिया होते, तेव्हा ते कामाला येतं. काम झालं की ते मोडीत काढायची सोयही शरीरात आहे. त्यासाठी एक खास विकर, म्हणजे एन्झाइम आहे. या मोडीत काढणाऱ्या विकराची आठवण ठेवा, त्याची गोष्ट पुढं येणार आहे.

आता ड जीवनसत्त्व बेसुमार झालं तर आतड्याचं दार सताड उघडं राहतं. हाडांतूनही कॅल्शियम सुटू लागतं. पॅराथायरॉईड ग्रंथी गप्प बसतात, पण त्यांनी गप्प बसून भागत नाही, कारण आवक त्यांच्या हातात राहिलेली नसते. जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांवर पडतं. लघवी दाट करून पाणी वाचवण्याची त्यांची ताकद कॅल्शियममुळंच कमी होते. मग पाणी वाहून जातं, बाळ सुकतं, सुकल्यामुळं रक्तातलं कॅल्शियम आणखी चढतं. हे रहाट थांबवलं नाही तर मूत्रपिंडांत कॅल्शियमचे कण साचू लागतात.

बाकीची लक्षणंही याच हिशेबात बसतात. कॅल्शियम जास्त झालं की आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून शी घट्ट होते आणि दूध उलटतं. स्नायू ढिले पडतात, म्हणून बाळ लुळं वाटतं. कधी ते किरकिर करतं, कधी मलूल पडून राहतं. पाणी कमी झाल्यानं अंगात कणकण राहू शकते. आणि वजन वाढत नाही. यातलं एकेक लक्षण किती साधं आहे पाहा. बद्धकोष्ठ, उलटी, किरकिर, दूध न ओढणं. कुठल्याही उन्हाळ्यात, कुठल्याही दात येणाऱ्या बाळात ही दिसतात. म्हणूनच हा आजार डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. रोजच्या रक्ततपासणीत सोडियम-पोटॅशियम येतं, कॅल्शियम मात्र डॉक्टरांच्या मनात आलं आणि वेगळं लिहिलं तरच तपासलं जातं.

पिशवीतल्या बाटल्या

कॅल्शियमचा आकडा पाहिल्यावर मी आजींना विचारलं, ‘बाळाला काय-काय देता?’ आजींनी मोकळेपणानं सांगितलं. अंगावरचं दूध. दात सुखानं यावेत म्हणून मधूनमधून चमचाभर चुन्याची निवळी. आणि ‘तुमचं औषध, न चुकता रोज.’ मी म्हणाले, ‘ते औषध घेऊन या.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. आत बोटाएवढ्या आठ रिकाम्या बाटल्या होत्या. टाकून कशाला द्यायच्या, पोरांना भातुकलीला होतील, म्हणून त्यांनी जपून ठेवलेल्या. प्रत्येक बाटली पाच मिलिलिटरची, आणि प्रत्येकीवर लिहिलेलं : ६०,००० युनिट.

ही बाटली मोठ्या माणसांसाठी असते. ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व कमी आहे, त्यांना ती डॉक्टर आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे प्यायला सांगतात. बाळांचे थेंब वेगळे असतात. त्यांच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००. या बाटलीच्या एका मिलिलिटरमध्ये होते १२,००० युनिट. बाळाला दिवसाला हवे होते ४००, मिळत होते त्याच्या तीसपट. चाळीस दिवसांत आठ बाटल्या, म्हणजे चार लाख ऐंशी हजार युनिट. रोजच्या योग्य मात्रेनं हा सव्वातीन वर्षांचा साठा होतो.

दुकानात थेंब नव्हते, म्हणून ‘हेही डीच आहे’ असं सांगून ही बाटली दिली गेली होती. आईनं चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं मोजून एक मिली दिलं. ती कुठंही चुकली नव्हती. चिठ्ठीवर औषधाची ताकद लिहिली नव्हती, ती मी. तीन आठवड्यांनी बाळ आजारी होऊन आलं तेव्हा बाटली न बघता ‘चालू ठेवा’ म्हणालेही मीच. निवळीत कॅल्शियम असतंच, त्यानं थोडी भर घातली असेल. पण खरं कारण त्या आठ बाटल्यांत होतं.

निदान पक्कं करायला आणखी तपासण्या केल्या. ड जीवनसत्त्वाची पातळी प्रयोगशाळेच्या मोजपट्टीच्या पलीकडं गेली होती. पॅराथायरॉईडचं संप्रेरक जवळजवळ शून्यावर. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत पांढुरकी झाक दिसत होती, म्हणजे कॅल्शियम साचायला सुरुवात झाली होती.

उपचारांत पहिली गोष्ट, थेंब आणि निवळी बंद. दुसरी, शिरेतून मिठाचं पाणी, म्हणजे सलाईन भरपूर देऊन मूत्रपिंडांतून कॅल्शियम धुऊन काढणं. तिसरी, स्टेरॉईड, ज्यामुळं आतड्यातली आवक कमी होते. एवढ्यानं पुरेसं उतरेना, तेव्हा बाळाला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथं हाडांतून सुटणारं कॅल्शियम रोखणारं इंजेक्शन दिलं. आईचं दूध चालूच ठेवलं, त्यात कॅल्शियम बेताचं असतं. काही आठवडे कोवळ्या उन्हातही न्यायचं नाही, असं सांगितलं. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, औषध थांबवलं तरी ते लगेच संपत नाही. त्यामुळं कॅल्शियम उतरलं तरी पुन्हा चढत नाही ना, हे पाहायला पुढचे अनेक आठवडे रक्त तपासावं लागलं. मूत्रपिंडांतली झाक दोन वर्षं सोनोग्राफीत दिसत राहिली, हळूहळू फिकी होत गेली. आज ती मुलगी शाळेत जाते. मूत्रपिंडांचं काम व्यवस्थित आहे. सगळ्याच बाळांचं नशीब एवढं चांगलं नसतं.

ब्रिटनमधली बाळं

या प्रसंगानंतर मी जुनी पुस्तकं काढून बसले. वाचताना लक्षात आलं की, हा प्रकार पूर्वी एका अख्ख्या देशात होऊन गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती. मुडदूस हा तिथला जुना रोग. धुकं, धूर आणि कमी ऊन यामुळं मुलांची हाडं वाकत. सरकारनं चांगला निर्णय घेतला. लहान मुलांना कॉड माशाच्या यकृताचं तेल पुरवलं, दुधाच्या सरकारी भुकटीत ड जीवनसत्त्व घातलं. बाळांचं तयार खाद्य बनवणाऱ्यांनीही आपापल्या डब्यांत ते घातलं. मुडदूस झपाट्यानं हटला. पण दुधात थोडं, खाद्यात थोडं, तेलात थोडं, असं सगळं मिळून एखाद्या बाळाला दिवसाला ४,००० युनिटपर्यंत ड जीवनसत्त्व मिळू लागलं, याची बेरीज कुणी केली नव्हती.

१९५२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ रेजिनाल्ड लाइटवुड यांनी एका नव्या आजाराचं वर्णन केलं. काही महिन्यांची बाळं दूध घेत नव्हती, उलट्या करत होती, त्यांचं वजन वाढत नव्हतं, आणि रक्तातलं कॅल्शियम चढलेलं होतं. कारण सापडेना, म्हणून वैद्यकात अशा वेळी जे नाव देतात तेच दिलं, ‘अज्ञातकारण’. पुढच्या काही वर्षांत देशभरातून अशी सुमारे दोनशे बाळं नोंदली गेली. तेव्हा संशय ड जीवनसत्त्वावर आला आणि १९५७ साली बाळांच्या दुधातलं आणि खाद्यातलं त्याचं प्रमाण कमी करण्याची शिफारस झाली. त्यानंतर हे रुग्ण कमी होत गेले.

पण एक कोडं उरलं. तेच दूध, तेच खाद्य, तेच तेल लाखो बाळांनी घेतलं होतं. आजारी पडली ती मोजकीच. असं का?

पूर्व जर्मनीतही असंच होतं. तिथं मुडदूस होऊ नये म्हणून बाळांना दर तीन महिन्यांनी एकदम ६ लाख युनिटची मात्रा देत. पुष्कळ बाळांच्या रक्तात कॅल्शियम त्या मात्रेनंतर वाढलेलं आढळलं. पण गंभीर आजारी पडली ती थोडीच.

या कोड्याचं उत्तर मिळायला २०११ साल उजाडलं. जर्मनीतल्या म्युन्स्टर इथले कार्ल श्लिंगमन, मार्टिन कोनराड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही बाळांची जनुकं तपासली. मघाशी ज्या विकराची आठवण ठेवायला सांगितलं, ते ड जीवनसत्त्व मोडीत काढणारं विकर या बाळांत नीट तयार होत नव्हतं. त्याच्या जनुकाला सीवायपी-२४-ए-१ असं नाव आहे. आई आणि बाप, दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तर बाळाकडं ड जीवनसत्त्व मोडायची सोयच राहत नाही. अशा बाळाला नेहमीची ४००-५०० युनिटची मात्राही हळूहळू साठत जाऊन जास्त होऊ शकते. पुढं २०१६ साली आणखी एक जनुक सापडलं. त्याच्या बिघाडात मूत्रपिंडांतून फॉस्फेट वाहून जातं आणि त्या ओघात कॅल्शियम वाढतं. अशा बाळांना फॉस्फेट द्यावं लागतं, म्हणून हा फरक ओळखणं महत्त्वाचं.

म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या त्या ‘अज्ञातकारण’ आजाराचा बराचसा उलगडा झाला. मात्रा सर्वांना जास्त होती. काही बाळांना ती जन्मजात दोषामुळं पचत नव्हती. आपल्या दृष्टीनं यातला बोध असा की, शेजारच्या बाळानं तेच औषध घेतलं आणि त्याला काही झालं नाही, हा आपल्या बाळाच्या सुरक्षिततेचा पुरावा होत नाही.

आणखी काही कारणं

बाळाचं कॅल्शियम वाढण्यामागं प्रत्येक वेळी औषधाची बाटलीच असते असं नाही. चार कारणं थोडक्यात सांगते.

जन्मतः श्वास कोंडलेली किंवा त्यासाठी अंग थंड ठेवण्याचा उपचार केलेली बाळं असतात. त्यांच्या पाठीवर, खांद्यांवर, कुल्ल्यांवर पहिल्या काही आठवड्यांत कातडीखाली टणक, लालसर गाठी येतात. तिथली चरबी दुखावलेली असते. गाठींत जमलेल्या पेशी स्वतःच ड जीवनसत्त्व कामाला लावतात आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, कॅल्शियम चढतं. गाठी विरल्या म्हणून निर्धास्त राहू नये. या बाळांचं रक्त अधूनमधून तपासायला हवं.

दुसरं कारण विल्यम्स सिंड्रोम. न्यूझीलंडच्या डॉ. विल्यम्स यांनी १९६१ साली त्याचं वर्णन केलं. सातव्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला असतो. अशा मुलांच्या हृदयातून निघणारी मोठी रोहिणी एका जागी अरुंद असू शकते. चेहऱ्याची ठेवण एकमेकांसारखी असते, बौद्धिक वाढ सावकाश होते, पण मुलं कमालीची माणसाळू असतात. त्यांच्यापैकी काहींना पहिल्या दोन वर्षांत कॅल्शियम वाढण्याचा त्रास होतो. कॅल्शियम वाढलेल्या बाळाच्या छातीला आवाज येत असेल तर हृदयाची तपासणी करायला हवी ती यासाठी.

तिसरं कारण दुर्मीळ, पण आपल्याकडं लक्षात ठेवण्यासारखं. पॅराथायरॉईड ग्रंथींना रक्तातलं कॅल्शियम ‘कळतं’ ते एका खास प्रथिनामुळं. त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर कॅल्शियम थोडं वाढलेलं राहतं, सहसा त्रास होत नाही आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पण अशा दोन माणसांचं लग्न झालं आणि बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या, तर जन्मल्यापासून काही दिवसांत कॅल्शियम भयंकर वाढतं. हाडं ठिसूळ होतात आणि अनेकदा या ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढाव्या लागतात. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करायची चाल महाराष्ट्रातल्या बऱ्याच समाजांत आहे. एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडून बाळाला मिळण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते. डॉक्टर नात्यातल्या लग्नाविषयी विचारतात ते चौकशा करायला नव्हे. घरात कुणाला तरुणपणी वरचेवर मूतखडे झाले का, हेही विचारतात, कारण ड जीवनसत्त्व मोडता न येण्याचा दोष मोठेपणी मूतखड्यांच्या रूपानंही दिसतो.

चौथं, फार लवकर जन्मलेली, कमी वजनाची बाळं. त्यांना फॉस्फेट कमी पडलं तरी कॅल्शियम वाढतं. त्यांचा हिशेब नवजात विभागातले डॉक्टर ठेवतात, घरी त्यात बदल करू नये.

घरी काय सांभाळायचं

हे सगळं ऐकून कुणी उद्यापासून बाळाचे थेंब बंद करेल, अशी मला धास्ती वाटते. तसं करू नका. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार थोडं असतं, आणि भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही मुडदूस आजही दिसतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिट अशी आहे. ती मात्रा बहुतेक सर्व बाळांना सुरक्षित आणि गरजेची आहे. माझं म्हणणं इतकंच की, हे औषध आहे, टॉनिक नव्हे. औषधाला मोजमाप असतं.

बाटली घेताना तिच्यावर एका मिलिलिटरमध्ये किती युनिट आहेत, ते वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या. बाळाच्या बाटलीवर ६०,००० हा आकडा दिसला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही देऊ नका. मुडदूस झालेल्या बाळाला डॉक्टर कधी मोठी मात्रा देतात, पण ती किती वेळा आणि कधीपर्यंत हे ठरलेलं असतं. दुकानात लिहून दिलेलं औषध नसेल तर ‘तसलंच दुसरं’ घेण्याआधी फोन करा. बाटलीबरोबर जो ड्रॉपर येतो, तोच वापरा. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावला की माप बदलतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१० साली ड जीवनसत्त्वाच्या थेंबांविषयी पालकांना सावध केलं होतं. काही बाटल्यांबरोबरच्या ड्रॉपरमध्ये बाळाच्या दिवसाच्या मात्रेपेक्षा जास्त औषध मावत होतं, एवढंच त्याचं कारण.

दोन डॉक्टरांकडे जात असाल तर दोन्हीकडची औषधं दोघांनाही दाखवा. थेंबांत ड, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ड, कॅल्शियमच्या सिरपमध्येही ड, अशी बेरीज नकळत होते. ब्रिटनमध्ये झाली ती अशीच. चालायला उशीर, दात उशिरा, जावळ विरळ, अशा कारणांसाठी मनानं कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका. निवळी, गुटी, जे काही घरात देता ते डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावू म्हणून लपवू नका.

आणि लक्षणांपैकी एक गोष्ट मनात ठेवा. बाळाचं वजन वाढत नाही, शी घट्ट होते, दूध ओढत नाही, मलूल दिसतं आणि तरीही दुपटी भरपूर ओली होताहेत, असं असेल तर डॉक्टरांना ‘कॅल्शियम तपासायचं का?’ असं जरूर विचारा. तपासणी साधी आहे. वेळेवर झाली तर मूत्रपिंडं वाचतात.

मीही काही सवयी बदलल्या. चिठ्ठीवर औषधाची ताकद अंकांत आणि अक्षरांत लिहिते. किती दिवस द्यायचं आणि कधी थांबायचं, ते मराठीत लिहिते. पुढच्या भेटीला औषधाची बाटली बरोबर आणायला सांगते, रिकामी असली तरी. आणि आई किंवा आजी काही सांगू लागली की हातातलं पेन खाली ठेवते. त्या दिवशी बाळाजवळ चोवीस तास बसणाऱ्या बाईनं पंधरा दुपटी मोजली होती. मी ते ऐकलं एका कानानं, आणि उत्तर सापडलं ते तिच्या मोजणीतून.

त्या आजी परवा नातीला खोकल्यासाठी घेऊन आल्या होत्या. मी चिठ्ठी लिहिली. त्यांनी ती नातीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘वाच गं मोठ्यानं, किती मिली ते.’ नातीनं वाचलं. आजींनी मान हलवली, मगच त्या उठल्या.